जुना मेनासॉर घेताना मी कसा फसलो

पार्सल उघडून अर्धा तास झाला नसेल, तोवर मेनासॉरचा उजवा हात तिसऱ्यांदा गळून पडला. पहिल्या दोन वेळा मी स्वतःचीच समजूत घातली होती की एवढं जुनं खेळणं म्हटल्यावर खुंटी सैल असणारच. तिसऱ्यांदा हात उचलून उजेडात धरला. खुंटीवर एक ओरखडा नव्हता. ती झिजून सैल झाली नव्हती, मुळातच चुकीच्या मापाची होती. म्हणजे वस्तू जुनी नव्हतीच.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी-कंपनीने १९८४ साली जपानच्या ताकारा कंपनीचे साचे घेऊन ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे घडी उलगडली की गाडीचे रोबोट होणारी खेळणी, बाजारात आणली. पुढच्या वर्षी सहा हिरव्या बांधकाम-यंत्रांपासून जुळणारा डेव्हास्टेटर आला, आणि अनेक रोबोट एकत्र येऊन एक महाकाय रोबोट होण्याची चटक पोरांना लागली ती तिथून. १९८६ मध्ये आलेला मेनासॉर हा पाच स्टंटिकॉन्सचा, म्हणजे त्या नावाच्या टोळीतल्या पाच गाड्यांचा. मोटरमास्टर नावाचा मोठा ट्रक धड होतो. ड्रॅग स्ट्रिप ही सहा चाकांची पिवळी रेसकार, ब्रेकडाउन ही पांढरी लॅम्बोर्गिनी, डेड एंड ही पोर्शे आणि वाइल्डरायडर ही फेरारी हे त्याचे हातपाय. गंमत म्हणजे यातली कुठलीही गाडी हात म्हणून लावा नाहीतर पाय म्हणून, ती बसते. बसायला हवी, असं म्हणू.

पण माझा जीव जडला तो त्याच्या डोक्यातल्या गोंधळावर. या खेळण्यांच्या गोष्टींत जुळणाऱ्या रोबोटांची मनंही एक होतात, पण सगळे जोड-रोबोट सारखे नसतात. डेव्हास्टेटरच्या सहा मनांचं ज्यावर एकमत होईल तेवढंच त्याला सुचतं, म्हणून तो मंद. ब्रुटिकस हुकमाचा ताबेदार. प्रीडाकिंगची पाचही मनं शिकारीच्या एकाच ओढीने बांधलेली, त्यामुळे तो जवळजवळ निर्दोष. आणि मेनासॉर? मोटरमास्टर स्वतःला रस्त्याचा राजा समजतो आणि बाकी चौघे त्याचा मनापासून द्वेष करतात. ब्रेकडाउनला वाटतं की सगळं जग आपल्याकडेच टक लावून बघतंय. डेड एंडला सगळंच व्यर्थ वाटतं, तरी अंगाची चकाकी मात्र तो घासूनपुसून राखतो. ड्रॅग स्ट्रिपला हरण्यापेक्षा भंगारात जाणं परवडतं. वाइल्डरायडर बेभान. अशी पाच डोकी एका कवटीत कोंबल्यावर काय होणार? ताकद अफाट, पण भरवसा नाही. मिसरूड फुटायच्या वयात मला हा खलनायक फार जवळचा वाटायचा. का, ते विचारू नका.

तर असा मेनासॉर, पाचही गाड्या, सगळी शस्त्रं आणि सुटे पंजे असलेला, विकायला आहे अशी जाहिरात दिसली. किंमत खऱ्या जुन्या संचापेक्षा कमी होती, पण संशय येण्याइतकी कमी नव्हती. हे भामट्यांना बरोबर कळतं. फुकटात देतो म्हटलं असतं तर मी वळूनही पाहिलं नसतं.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘१९८४ चा मूळ मेनासॉर’. चुकीचं साल माझ्या डोळ्यांना तेव्हाच खुपलं. पण मी मनात म्हटलं, माळ्यावरचं काढून विकणाऱ्याला सालं कुठे पाठ असतात? मी त्याची बाजू स्वतःशीच मांडत होतो, त्याने एक शब्दही न बोलता.

फोटो पाच होते, प्रत्येक गाडीचा वेगळा. प्रत्येकाची पार्श्वभूमीही वेगळी, कुठे चादर, कुठे लाकडी टेबल, कुठे फरशी. जोडलेल्या मेनासॉरचा फोटो एकही नाही. मी मागितला. उत्तर आलं, ‘दादा, जोडून ठेवलं की सांधे सैल होतात, म्हणून आम्ही सुटंच ठेवतो.’ वारंवार जोडलं-सोडलं की खुंट्या झिजतात हे खरंच आहे. त्यामुळे मला तो माणूस उलट जाणकार वाटला. सवलतीपेक्षाही मी भुललो ते या वाक्याला. खोटं बोलणारा अडाणी असेल असं आपण उगाच धरून चालतो.

तरी मी आधीच्या गिऱ्हाइकांची विचारपूस केली. संग्राहकांच्या एका गटात त्याच्याबद्दल पाच जणांनी भरभरून लिहिलं होतं. ‘माल एकदम ओरीजनल’, ‘पॅकिंग मस्त’, ‘डोळे झाकून घ्या’. त्यातल्या एकाला मी निरोप टाकला. मिनिटभरात उत्तर, ‘हो दादा, माझा पण ओरीजनल निघाला.’ काय घेतलं होतंत, असं विचारल्यावर मात्र तो म्हणाला, ‘असंच, रोबोट.’ संग्राहकाला काय घेतलं विचारा, तो तुम्हाला तासभर सोडणार नाही. ‘असंच, रोबोट’ म्हणणारा संग्राहक मी आजवर पाहिलेला नाही. पण त्या क्षणी मला फक्त ‘हो दादा’ ऐकू आलं.

नंतर निवांत बसून ते पाचही अभिप्राय वाचले तेव्हा दिसलं की पाचही जणांनी ‘ओरीजनल’ हा शब्द तसाच, दीर्घ री काढून लिहिला होता. पाचही खाती एकाच महिन्यात उघडलेली. मेनासॉरमध्ये पाच मनं एका अंगात शिरून एकमेकांशी भांडतात. इथे एकच मन पाच अंगांत वाटलेलं होतं आणि त्यांच्यात कमालीचं एकमत होतं. प्रीडाकिंगलाही हेवा वाटावा.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग लाजिरवाणा आहे. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती तिथे पैसे दिले असते तर माल पोचेपर्यंत ते अडकून राहिले असते आणि तक्रारीला वाव होता. त्याने बाहेरून थेट पाठवायला सांगितलं, ‘कमिशन वाचतं, तेवढं तुम्हालाच कमी करतो.’ मी सगळी रक्कम आगाऊ पाठवली. माझ्याच हाताने.

आता वस्तूकडे येतो. हे नीट वाचा, कारण पुढचं फोटोवरून कळत नाही आणि विकणारे तेच दाखवायचं टाळतात.

हात म्हणून लावलेला वाइल्डरायडर सरळसरळ नवी नक्कल होता. १९८५ पासून हॅस्ब्रोने नकली मालापासून ओळख पटावी म्हणून खेळण्यांवर एक छोटी उष्णतेवर चालणारी खूणपट्टी लावायला सुरुवात केली होती. बोटाने घासली की उबेने तिच्यात ऑटोबॉट (सज्जन गट) किंवा डेसेप्टिकॉन (खलनायकांचा गट) यांचा चेहरा उमटायचा आणि गार झाली की पुन्हा काळी व्हायची. वाइल्डरायडरवर पट्टी होती, पण चेहरा न घासताच दिसत होता. नुसती छपाई! इथे एक गफलत होऊ देऊ नका. जुन्या अस्सल खेळण्यांवरच्या पट्ट्याही इतक्या वर्षांत मरतात, घासूनही काही उमटत नाही. मेलेली पट्टी म्हणजे नकली माल असं नाही. कायम उघडा चेहरा असेल तर मात्र संशय घ्यायलाच हवा.

मोटरमास्टरवर हॅस्ब्रो आणि ताकाराचा ठसा हवा होता. मी त्याला उलटासुलटा करून भिंगाखाली पाहिला. अक्षरांच्या जागी गुळगुळीत चौकोन होता, साच्यातूनच बुजवलेला. प्लास्टिक हलकं, आणि नाकाशी धरलं तर नव्या चपलेसारखा वास. इतक्या वर्षांच्या प्लास्टिकला असा वास येत नाही.

ब्रेकडाउन जुना होता, पण त्याची दशा वाईट. पांढरं प्लास्टिक काळाने पिवळं पडतं. ते उजळवायला काही जण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवतात. बेताने केलं तर बरं दिसतं, जरी पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो. याला मात्र कुणीतरी घाईत भाजून काढलं होतं. अंगावर ढगांसारखे पांढरे पट्टे होते. त्याची खुंटी तुटलेली होती आणि डिंकाने चिकटवलेली. जाहिरातीतल्या फोटोत ती बाजू नेमकी चादरीकडे होती.

ड्रॅग स्ट्रिपचं अंग खरं असावं, पण चाकं दुसऱ्याच कुठल्या तरी खेळण्याची आणि चिकटचित्रं घरच्या प्रिंटरवरची. ‘खोकं नाही पण लाल पट्टी आहे’ असंही त्याने सांगितलं होतं. जुन्या खोक्यांच्या पाठीवर रोबोटची ताकद, वेग वगैरेंचा तक्ता लाल जाळीत लपवलेला असे आणि सोबतच्या लाल पारदर्शक पट्टीतून पाहिलं की तो वाचता येई. मला मिळालेली लाल पट्टी म्हणजे मिठाईच्या वेष्टनाचा कातरलेला तुकडा होता. एवढे कष्ट त्याने का घेतले याचं मला अजून कुतूहल आहे.

आणि डेड एंड अस्सल निघाला. ठसा होता, चाकं जागच्या जागी होती. खूणपट्टी अंगठ्याने घासली तर डेसेप्टिकॉनचा चेहरा हळूच वर आला. पाचांपैकी ज्याला सगळं व्यर्थ वाटतं तोच तेवढा खरा! बहुधा चार जणांच्या खोटेपणावर पांघरूण घालायलाच त्याला पाठवलं असावं. जाहिरातीतला ठशाचा एकमेव जवळून काढलेला फोटो त्याचाच होता. मी तो पाहिला आणि बाकी चौघांबद्दल विचारलंच नाही.

पैसे परत मागितले तेव्हा आधी तो गोड बोलला. मग म्हणाला, पार्सल तुमच्या खर्चाने पाठवा, तपासून बघू. मी फोटो पाठवले तर म्हणाला, ‘भाग तुम्हीच बदलले कशावरून?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पार्सल उघडताना मी व्हिडिओ काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केलं. मी रीतसर तक्रार नोंदवली आहे. संदेश, पावती, पाच खात्यांचे स्क्रीनशॉट सगळं जोडलंय. अजून तरी हाती काही लागलेलं नाही.

मोटरमास्टर आणि बाकी तिघे पुरावा म्हणून खोक्यात बांधून ठेवलेत. डेड एंड टेबलावर असतो.

गेल्या आठवड्यात एक नवी जाहिरात दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, खातं वेगळं. ‘मेनासॉर, पाचही गाड्या, एकदम ओरीजनल.’ पाच वेगळे फोटो, आणि त्यातली एक चादर मी ओळखली. मी बहिणीच्या फोनवरून विचारलं, जोडलेला फोटो मिळेल का?

उत्तर लगेच आलं. ‘ताई, जोडून ठेवलं की सांधे सैल होतात, म्हणून आम्ही सुटंच ठेवतो.’