झेडएफएस मिररवरचा व्हीएम होस्ट: नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिन्यांपूर्वी आम्ही जुना होस्ट, म्हणजे अनेक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) चालवणारा सर्व्हर, बंद करून नवा उभा केला. व्हीएम चालवणारी प्रॉक्समॉक्स ही प्रणाली, ६४ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) मेमरी, मदरबोर्डच्या साटा पोर्टांना थेट जोडलेल्या ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आणि झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये त्यांचे दोन मिरर, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कांवर ठेवणाऱ्या जोड्या: पहिली-दुसरी एक जोडी, तिसरी-चौथी दुसरी जोडी. त्यावर ११ व्हीएम. हिशेबाचा डेटाबेस, फाइल सर्व्हर, मेल, बाकी चाचणीची यंत्रं. पहिले दोन महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही. पुढच्या चार महिन्यांत डिस्क एररनी आम्हाला सळो की पळो केलं. गेले तीन महिने लॉग स्वच्छ आहे, म्हणून आता सगळं नीट लिहून काढतोय.

आधीच सांगतो: आम्हाला एरर एकच दिसत होती, पण आजार तीन होते. ते एकामागोमाग आले आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये नाव डिस्कचंच लागलं.

पहिला मेल आला तो तिसऱ्या महिन्यात, रविवारी पहाटे. पूलची (चारही डिस्क मिळून बनलेल्या साठ्याची) स्थिती दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटसमध्ये तिसऱ्या डिस्कसमोर रीडच्या रकान्यात १७ आणि चेकसमच्या (डेटा बिघडला का ते ओळखणाऱ्या आकड्याच्या) रकान्यात ३. कर्नलच्या लॉगमध्ये त्याच पोर्टवर ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ (डिस्कशी जोडणी तोडून पुन्हा जोडतोय) ही ओळ पुन्हा पुन्हा, आणि शेवटी लिंकचा वेग ६ वरून ३ जीबीपीएसवर उतरवल्याची नोंद. पूल चालू होता, व्हीएम चालू होत्या, कुणाची तक्रार नव्हती. आम्ही तिसरी डिस्क काढली, नवी बसवली, रीसिल्व्हर (मिररच्या दुसऱ्या प्रतीवरून नवी डिस्क भरणं) पूर्ण झालं आणि काढलेली डिस्क सदोष म्हणून परत पाठवली. ती तपासून ‘दोष आढळला नाही’ असं उत्तर आलं. ते मला तेव्हा पटलं नाही. आज सांगतो, ते उत्तर बरोबर होतं.

पुढच्या महिन्यात नव्या डिस्कवर तीच एरर आली. टीममधला सर्वांत नवा मुलगा म्हणाला, “सर, मागच्या वेळीही महिन्याचा दुसराच रविवार होता.” या एका वाक्याने तपासाला दिशा मिळाली. प्रॉक्समॉक्स डेबियन या लिनक्सवर उभं आहे आणि डेबियनच्या झेडएफएस पॅकेजमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मध्यरात्रीनंतर स्क्रब सुरू करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीची) नोंद आधीपासूनच असते. स्क्रब म्हणजे पूलमध्ये भरलेला प्रत्येक ब्लॉक वाचायचा, चेकसमशी ताडून पाहायचा, आणि जुळला नाही तर मिररच्या दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करायचा. एरवी आमच्या डिस्कांवर फारसा ताण नसतो. त्या एका रात्री मात्र चारही डिस्क तासन्‌तास पूर्ण वेगाने वाचत असतात. म्हणजे दोष महिनाभर तिथेच होता, स्क्रबने तो फक्त उघडा पाडला.

यासाठीच मी झेडएफएसला सगळ्यात जास्त गुण देतो. साध्या मिररमध्ये दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे मिररला कळत नाही. इथे चेकसम ब्लॉकपासून वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे कोणती प्रत खोटी आहे ते कळतं आणि तीच दुरुस्त होते. त्या दोन रविवारी ११ पैकी एकाही व्हीएमला काही जाणवलं नाही.

मग आम्ही स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल नोंदवते ते आकडे नीट वाचायला बसलो. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नव्या डिस्कवर रीअलोकेटेड सेक्टर (५ क्रमांक, खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य, पेंडिंग सेक्टर (१९७, वाचता न येणाऱ्या संशयित जागा) शून्य, ऑफलाइन अनकरेक्टेबल (१९८, दुरुस्त न होणाऱ्या जागा) शून्य. पण १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर काउंट २१२. हा आकडा डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल काहीच सांगत नाही. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की तो वाढतो. म्हणजे केबल, कनेक्टर किंवा पोर्ट. शिवाय हा आकडा कधी मागे येत नाही, केबल बदलल्यावरही २१२ तसाच राहतो. त्यामुळे नुसता आकडा पाहून काही ठरवू नका, तो वाढतोय का ते पाहा.

पोर्ट आणि केबल यातला गुन्हेगार कोण हे ठरवायला आम्ही तिसऱ्या आणि चौथ्या डिस्कच्या केबलींची अदलाबदल केली. पोर्ट तेच ठेवले, डिस्क त्याच ठेवल्या. पुढच्या रविवारची वाट न पाहता हाताने स्क्रब सुरू केला. दोन तासांत चौथ्या डिस्कचा १९९ शून्यावरून ९ वर गेला आणि तिसऱ्या डिस्कचा २१२ वरच थांबला. दोष केबलबरोबर सरकला होता. केबल बाहेर काढून पाहिली तर डिस्ककडच्या टोकाला, प्लगपासून बोटभर अंतरावर तिला घट्ट घडी पडलेली. केसचं झाकण लावताना ती त्या जागी दाबली जात होती. घडीवर प्लास्टिक पांढुरकं पडलं होतं.

मग मधले चार आठवडे एरर का नव्हती? ताण नव्हता हे एक कारण, आणि डिस्क बदलताना आम्ही तीच केबल काढून पुन्हा बसवली होती आणि ती थोडी नीट बसली होती. डिस्क बदलली की तिच्याबरोबर केबल हलते, कनेक्टर हलतो, पॉवरचा प्लग हलतो, सर्व्हर बंद-चालू होतो. नंतर एरर गेली तर श्रेय डिस्कला मिळतं. माझ्या मते चांगल्या डिस्क भंगारात जाण्याचं हे मोठं कारण आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते तारखेसह लिहून ठेवा. आम्ही तेव्हापासून दर सोमवारी चारही डिस्कांचे ५, १२ (डिस्क किती वेळा बंद होऊन चालू झाली), १९७, १९८ आणि १९९ हे आकडे एका तक्त्यात नोंदवतो. त्या तक्त्यानेच पुढची लढाई जिंकून दिली.

पाचव्या महिन्यातला स्क्रब स्वच्छ गेला. आम्ही निश्चिंत झालो. महिनाअखेरीस एका रात्री बॅकअप चालू असताना सगळ्या व्हीएम एकदम थिजल्या. गेस्टच्या (व्हीएमच्या) कन्सोलवर जेबीडी२ (डिस्कवर नोंदी लिहिणारी प्रक्रिया) ‘१२० सेकंदांपेक्षा जास्त काळ अडकलेला’ असे संदेश, आणि होस्टवर पूलची आयओ (वाचन-लेखन) थांबवल्याची सूचना. तिसरी आणि चौथी, म्हणजे एका मिररच्या दोन्ही बाजू एकाच क्षणी गायब झाल्या होत्या. मिररचा एक हात गेला तर झेडएफएस काम चालू ठेवतो. दोन्ही गेले की मूळ सेटिंगनुसार तो थांबतो आणि डिस्क परत येण्याची वाट पाहतो. डिस्क परत आल्या, पण लिनक्सने दिलेल्या नावात वेगळी अक्षरं घेऊन: एसडीसीची एसडीजी झाली होती. शेवटी सर्व्हर रीबूट करावा लागला.

दोन डिस्क एका सेकंदात खराब होत नाहीत, एवढं तोवर शिकलो होतो. सोमवारचा तक्ता उघडला. १९९ दोन्हीकडे जागचा हललेला नाही, म्हणजे डेटा केबल निर्दोष. पण १२ क्रमांकाचा पॉवर सायकल काउंट दोन्ही डिस्कांवर मागच्या सोमवारपेक्षा सहाने वाढलेला. रीबूटच्या आधी सर्व्हर ३१ दिवस एकदाही बंद झाला नव्हता, आमच्या रीबूटचा एक धरला तरी पाच उरतात. सर्व्हर चालू असताना या दोन डिस्कांची वीज पाच वेळा जाऊन आली होती!

चारही डिस्कांना वीज एकाच साटा पॉवर कनेक्टरवरून, स्प्लिटर (एका प्लगचे अनेक करणारी वायर) लावून दिलेली होती. साटा पॉवरच्या प्रत्येक पिनची क्षमता १.५ अँपिअर आणि १२ व्होल्टसाठी तीन पिना, म्हणजे जास्तीत जास्त ४.५ अँपिअर. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते. चार डिस्कांचा हिशेब तिथेच चुकतो. स्प्लिटर हातात घेतला तेव्हा शेवटच्या दोन प्लगांपैकी एकाच्या कडेला तपकिरी डाग होता आणि नाकाजवळ नेल्यावर तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता. मी तो तसाच टेबलावर ठेवला आणि टीममधल्या प्रत्येकाला हुंगायला लावला. लॉग वाचून जे लक्षात राहत नाही ते त्या वासाने राहिलं. त्या दिवशी एररपेक्षा आगीची भीती मला जास्त वाटली.

आता पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र वायरी आल्या आहेत आणि प्रत्येक मिररची एक बाजू एका वायरीवर, दुसरी बाजू दुसऱ्या वायरीवर आहे. हा बदल कुणीही अर्ध्या तासात करू शकतो. मिरर करताना डिस्क वेगवेगळ्या घेण्याचा सल्ला सगळे देतात, विजेच्या वाटा वेगळ्या करायला मात्र फार कमी जण सांगतात.

नुकसान झालंच. डिस्कची वीज गेली की तिच्या कॅशमधलं न लिहिलेलंही जातं, आणि इथे दोन्ही प्रतींची वीज एकत्र गेली होती. रीबूटनंतरच्या स्क्रबमध्ये एक कायमची एरर निघाली. झेडएफएसने तिथे फाइलचं नाव दिलं नाही, कोणत्या व्हीएमची डिस्क तेवढं दाखवलं. कारण होस्टच्या नजरेला गेस्टची डिस्क म्हणजे ब्लॉकांचा एक मोठा ठोकळा असतो, आतल्या फाइली त्याला माहीत नसतात. नशिबाने ती चाचणीची व्हीएम होती. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून ती पूर्ण परत आणली. तेच हिशेबाच्या डेटाबेसचं झालं असतं तर एक दिवसाच्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या असत्या. तेव्हापासून त्या व्हीएमचा बॅकअप दिवसातून चार वेळा होतो.

सहाव्या महिन्यात पहिल्या डिस्कचा पेंडिंग सेक्टर काउंट ८ झाला, पुढच्या सोमवारी २४. १९९ शून्य, १२ जागच्या जागी. स्मार्टची लांब चाचणी लावली ती ‘रीड फेल्युअर’ म्हणून अर्ध्यात थांबली. या वेळी खरोखर डिस्कच होती. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या हार्ड डिस्कांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली स्कॅन एरर (डिस्क तपासताना न वाचता येणारी जागा सापडणं) आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता तशी एरर नसलेल्या डिस्कांच्या ३९ पट आढळली होती. त्यामुळे मी एक दिवसही थांबलो नाही. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टमध्ये एररची कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्मार्टमध्ये सगळे शून्य म्हणून बॅकअप ढिला सोडायचा नाही.

डिस्क बदलताना एक काळजी घ्या: एसडीए, एसडीबी या अक्षरांवर कधीही विसंबू नका. आम्ही पूल अनुक्रमांकाच्या नावांनी बांधला आहे आणि प्रत्येक ट्रेवर पांढऱ्या पट्टीवर डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिले आहेत. मिररची आजारी बाजू सोडून चांगली बाजू उपसली तर पुढचं सांगायला नको. रीसिल्व्हरला सहा तास लागले. झेडएफएस फक्त भरलेला भाग नव्या डिस्कवर उतरवतो, रिकामी जागा सोडून देतो, त्यामुळे वेळ वाचतो.

एक सेटिंग मी आता प्रत्येक होस्टवर तपासतो. खराब सेक्टर वाचताना डिस्क स्वतःच किती वेळ झगडते? लिनक्स मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद थांबतो आणि मग डिस्कला रीसेट करतो. घरगुती वापराच्या काही डिस्क त्याहून जास्त वेळ अडून बसतात. मग एका सेक्टरपायी पूर्ण डिस्क गेल्यासारखी दिसते आणि लॉगवरून पुन्हा केबलचा संशय येतो. जिथे सोय असते तिथे ही मर्यादा स्मार्टसीटीएल या कमांडने ७ सेकंदांवर आणता येते. बहुतेक डिस्क वीज गेली की ती विसरतात, म्हणून बूटच्या वेळी पुन्हा लावावी लागते.

तक्रारी आहेत, त्या सांगतो. झेडएफएसच्या कॅशला मेमरी लागते. तिला मर्यादा घातली नाही तर व्हीएमसाठी ठेवलेल्या जागेत ती शिरते, आम्ही १२ जीबीवर बांधली आहे. पूल भरत आला की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून ८० टक्क्यांच्या वर जायचं नाही असा नियम केला. जुने स्नॅपशॉट (एका क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) किती जागा अडवून बसतात ते दर महिन्याला पाहावं लागतं. आणि एररचे मेल आपोआप येतील असं गृहीत धरू नका. होस्टवरून मेल बाहेर जातो का ते चाचणीचा मेल पाठवून बघा. आमचा पहिला मेल वेळेवर मिळाला कारण ती चाचणी उभारणीच्या दिवशीच केली होती.

पुढच्या वर्षी दुसरा होस्ट घ्यायचा आहे. सॉफ्टवेअर हेच ठेवणार, दोन मिररची रचनाही हीच. केस मात्र बॅकप्लेनवाली घेणार, म्हणजे डिस्क सरकवून बसवता येईल आणि झाकणाखाली केबल दबणार नाही. स्प्लिटर एकही नसेल. स्क्रबची वेळ आम्ही आत्ताच रविवार पहाटेवरून शनिवार सकाळवर आणली आहे, त्या दिवशी कुणीतरी जागं आणि कामावर असतं.