इट्राकोनाझोल की व्होरिकोनाझोल?

टीबी बरा झाला, पण फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत अस्परजिलस बुरशीने ठाण मांडलं, तर या दोनपैकी एका बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या किमान 6 महिने, बऱ्याचदा त्याहून जास्त.

सुरुवात बहुधा इट्राकोनाझोलने. तुलनेने स्वस्त, पण कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची, कारण ती विरघळायला आम्ल लागतं. सकाळी उठल्या उठल्या पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेणाऱ्यांना (आणि असे आपल्याकडे थोडेथोडके नाहीत) ती नीट लागूच पडत नाही. पाय सुजले, दम वाढला तर लगेच सांगायचं. हृदय कमजोर असेल तर ही शक्यतो टाळतात. दम्याचा बुडेसोनाइडचा पंपही डॉक्टरांना दाखवा, सोबत घेतल्यास शरीरात स्टिरॉइड साचतं.

व्होरिकोनाझोल उलट, जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. महागही. डोसनंतर काही वेळ नजर धूसर होते, तेव्हा रात्री सिंहगड रोडवर स्कूटर नको. खरी कटकट उन्हाची: एप्रिलमध्ये मंडईत जाऊन आलं तरी कातडी लालभडक होऊ शकते. पुण्यातल्या मुलींचा तो तोंडभर स्कार्फ इथे खरंच कामाचा!

लिव्हरची तपासणी दोन्हींत. टीबीचं औषध रिफाम्पिसिन चालू असेल तर दोन्ही निष्प्रभ. मला विचाराल तर, हृदय धड असलेल्या, उन्हात राबणाऱ्या माणसाला इट्राकोनाझोलच बरी. निर्णय अर्थात छातीच्या डॉक्टरांचा.