ग्रीग्री, निऑक्स की पायलट? एका हंगामाच्या बिलेनंतर

गेल्या पावसाळ्यानंतर चढाईचे रोप (दोर) बाहेर काढले तेव्हापासून मी तीन बिले डिव्हाइस (चढणाऱ्याचा रोप खालून धरून ठेवायची साधनं) आलटून पालटून वापरतेय: पेट्झलचं ग्रीग्री (2019 पासूनचं मॉडेल), त्याच कंपनीचं 2024 मध्ये आलेलं निऑक्स आणि ब्लॅक डायमंडचं एटीसी पायलट. ग्रीग्री आणि पायलट माझे. निऑक्स माझ्या पार्टनरचं, पण तो वर आणि मी खाली असंच बहुतेक वेळा असतं, त्यामुळे तेही माझ्याच हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) लटकलेलं असतं. शहरातली कृत्रिम भिंत, बदामी, सह्याद्रीतले ड्यूक्स नोज आणि तैलबैला, सगळीकडे हे फिरले. लीड (रोप खालून वर नेत, वाटेत अडकवत पुढे चढणं) शिकणाऱ्या प्रत्येकाचा "पहिलं स्वतःचं कोणतं घेऊ?" हा प्रश्न येतोच आणि उत्तर मिळतं, "ग्रीग्री घे, विषय संपला." मला हे उत्तर अपुरं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांनी आजवर फक्त ट्यूब, म्हणजे साधं एटीसी किंवा रिव्हर्सो वापरलंय त्यांच्यासाठी आधी थोडं. ट्यूबमध्ये फॉल (चढणाऱ्याचं पडणं) थांबतो तो ब्रेकच्या, म्हणजे मोकळ्या टोकाकडचा रोप धरणाऱ्या हातामुळे. हात सुटला की रोप सुटला. असिस्टेड ब्रेकिंगमध्ये झटका बसताच डिव्हाइस स्वतः रोप आवळतं आणि हाताला मदत करतं. मदतच, बरं का. ब्रेकच्या बाजूचा रोप हातात धरलेलाच हवा, हे तिन्हींच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. जर्मन अल्पाइन क्लबने 2015 मध्ये भिंतीवरच्या क्लाइंबिंगसाठी ट्यूबऐवजी अशीच डिव्हाइस वापरा असा सल्ला दिला, तोही याच कारणाने: माणसाचं लक्ष कधी ना कधी उडतं, दगड डोक्यात येतो, पाय घसरतो, आणि तेव्हा मागे काहीतरी आधार असावा.

आता माझा मुद्दा. दुकानात किंवा व्हिडिओत सगळे विचारतात, "लॉक कसं होतं?" लॉक सगळीच होतात. खरा फरक कळतो तो लीडरला भराभर रोप सोडताना. आणि धोकाही तिथेच आहे, कारण रोप अडकायला लागला की बिलेयर (बिले देणारा) लॉकच निकामी करायला बघतो. ग्रीग्रीचे अपघात आठवा. कॅम (आतला रोप आवळणारा भाग) अंगठ्याने दाबून ठेवलेला असताना फॉल आला, नाहीतर खाली उतरवताना हँडल पूर्ण ओढलं गेलं. दोन्ही वेळा डिव्हाइस शाबूत असतं, पण माणसाने त्याला काम करू दिलेलं नसतं. म्हणून निवडताना मी एकच विचारते: हे माझ्या हातात असताना लॉक दाबून धरण्याचा मोह मला किती वेळा होतो?

ग्रीग्रीपासून सुरुवात करू. 1991 मध्ये पहिलं आलं, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ लोक त्यावर लटकतायत. आत एक कॅम आहे. रोप झटक्याने ओढला गेला की तो फिरतो आणि रोप चिमटीत धरतो. सध्याचं मॉडेल 175 ग्रॅमचं, 8.5 ते 11 मिमी रोपसाठी. मात्र कंपनी स्वतःच 8.9 ते 10.5 मिमी सर्वांत योग्य म्हणते, आणि हा आकडा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. का ते पुढे येईलच.

टॉप रोपला (रोप आधीच वरून लावलेला असताना) आणि प्रोजेक्ट करताना (एकच कठीण रूट पुन्हा पुन्हा चढून बघताना) ग्रीग्रीला तोड नाही. पार्टनर एकाच मूव्हवर तासभर लटकून "टेक… टेक… थांब, बघतो परत" करत असतो तेव्हा त्याचं वजन डिव्हाइस धरून ठेवतं आणि माझा हात आखडत नाही. उतरवणंही गुळगुळीत. हँडल अर्धवट ओढायचं आणि वेग ब्रेकच्या हाताने ठरवायचा, हे एकदा अंगवळणी पडलं की झालं.

लीडला मात्र ग्रीग्री शिकावं लागतं. बदामीच्या लाल सँडस्टोनवर पार्टनर एका बोटभर धारेला डाव्या हाताने टांगलेला, उजव्या हाताने रोप वर खेचून क्लिप करायला (पुढच्या बोल्टला अडकवायला) गेला, आणि त्याने इतक्या झटक्याने खेचला की कॅमला वाटलं हा फॉलच. खट्! रोप जागच्या जागी. वरून "स्लॅक! अगं स्लॅक दे!" लीडरच्या हातातली ताकद अशा अर्ध्या सेकंदात संपते. अशा वेळी पेट्झलने दाखवलेली पद्धत अशी: ब्रेकच्या हाताची मागची तीन बोटं रोपवर तशीच, तर्जनी डिव्हाइसच्या बाहेर आलेल्या कडेखाली, अंगठा क्षणभर कॅमवर, रोप सोडायचा आणि लगेच हात मूळ जागी. यात "क्षणभर" सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीवर मी असे बिलेयर बघते ज्यांचा अंगठा पूर्ण रूटभर कॅमवरच असतो, आणि मला खरंच पोटात गोळा येतो. नेहमीच्या सोडण्याला अंगठा लागतच नाही. डाव्या हाताने ओढताना उजव्या हाताने रोप डिव्हाइसकडे ढकलत राहायचा आणि लीडर क्लिप करणार हे ओळखून अर्धं पाऊल पुढे टाकायचं. रोप नरम आणि साडेनऊ-पावणेदहा मिमीचा असेल तर हे सहज जमतं.

आणि इथेच आपली अडचण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपचा सामायिक रोप साडेदहा किंवा अकराचा, अनेक हंगाम वापरलेला, मातीने भरलेला आणि काठीसारखा ताठ झालेला असतो. असा रोप ग्रीग्रीतून सोडायचा म्हणजे दर हाताला झुंज, आणि झुंज आली की अंगठा कॅमवर आलाच. तुमचा रोप असा असेल तर आधी रोप धुवा, जमलं तर बदला, डिव्हाइसचं नंतर बघा. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

निऑक्सने नेमका हाच प्रश्न धरलाय. बाहेरून ग्रीग्रीचंच भावंड, पण आत रोप एका फिरणाऱ्या चाकावरून जातो. त्यामुळे लीडरने कितीही झटक्यात खेचला तरी चाक फिरतं आणि रोप जातो. ट्यूबवर शिकलेला हात जसा चालतो तसाच चालवायचा, अंगठ्याचा संबंधच नाही. हे मी वापरायला लागले आणि पहिल्याच दिवशी पार्टनर खाली येऊन म्हणाला, "आज एकदाही अडकलं नाही."

पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्या, कारण विकणारा ती ठासून सांगत नाही. ग्रीग्रीत कॅम रोपच्या ओढीनेच फिरायला लागतो. निऑक्समध्ये चाक मोकळं फिरत असल्यामुळे लॉक व्हायला ब्रेकच्या बाजूने रोप धरलेला असणं जास्त गरजेचं आहे. हात सैल असला तर चाक फिरत राहू शकतं. म्हणजे ज्याचा ब्रेकचा हात पक्का आहे त्याला निऑक्स जास्त सुरक्षित, कारण लॉक निकामी करायची वेळच येत नाही. ज्याचा हात अजून पक्का नाही त्याच्या हाती मी ते देणार नाही. नवशिक्याला "हे सोपं आहे" म्हणून निऑक्स घेऊन देऊ नका. वजन 235 ग्रॅम, हार्नेसवर ते जाणवतं. किंमतही ग्रीग्रीपेक्षा बरीच वर.

पायलट हा वेगळाच प्रकार. हँडल नाही, कॅम नाही, फिरणारा एकही भाग नाही. फॉल आला की रोप डिव्हाइस आणि कॅराबिनर (डिव्हाइस हार्नेसला जोडणारी कडी) यांच्यामध्ये चिमटला जातो, बस. घासला जाणारा भाग स्टीलचा आहे. 8.7 ते 10.5 मिमी रोप चालतो. मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच असल्याने डावखुऱ्यांना यात काही जुगाड करावा लागत नाही. ग्रीग्री उजव्या हाताच्या ब्रेकसाठी बनलेलं आहे. डावखुऱ्यांसाठी पद्धत आहे, पण ती शिकायला वेळ लागतो. आमच्या ग्रुपमधली एक डावखुरी मुलगी ग्रीग्रीवर नेहमी अवघडलेली असायची. पायलट हातात आल्यापासून तिचा बिले इतका निवांत झालाय की लीडर तिलाच मागून घेतात.

रोप सोडतानाही पायलट छान. ब्रेकच्या हाताचा अंगठा पुढच्या हुकाखाली घालून डिव्हाइस किंचित पुढे कलवायचं, रोप पळतो. त्रास होतो तो उतरवताना. कलवून लॉक मोकळं करायचं आणि धरून ठेवायचं, यात वेग एकसारखा राहत नाही, उतरणारा थांबत थांबत, झटके खात येतो. वजनदार माणूस असेल तर जास्तच. आणखी एक: या जातीच्या डिव्हाइसमध्ये कॅराबिनर हाही ब्रेकचाच भाग आहे. गोल तोंडाचा एचएमएस (रुंद, नासपतीच्या आकाराचा कॅराबिनर) लावा आणि बदललात तर जमिनीवर ओढून बघा. हाताला येईल तो कॅराबिनर चालणार नाही.

आता सह्याद्रीतल्या जुन्या रूट्सबद्दल, कारण इथे मी अजूनही पुरती निश्चिंत नाही. रोप जागीच लॉक झाला की तो डिव्हाइसमधून घसरत नाही, म्हणून फॉल जास्त कडक बसतो. बदामीच्या चांगल्या बोल्टवर त्याची चिंता नाही. फार तर पार्टनर भिंतीवर आपटतो, आणि त्यावर उपाय म्हणजे बिलेयरने झटक्याच्या क्षणी हलकी उडी घेणं. मी पार्टनरपेक्षा बरीच हलकी असल्यामुळे ही उडी मला घ्यावीच लागत नाही, मी आपोआप उचलली जाते. (इतकं वजनाचं अंतर असेल तर पहिल्या बोल्टला लावायचं एडेलरिडचं ओम (रोपचं घर्षण वाढवणारं साधन) बघा. माझं पहिल्या क्विकड्रॉवर (बोल्टला लावलेल्या कॅराबिनरच्या जोडीवर) जाऊन आदळणं त्याने थांबलं.) पण गंजलेल्या पिटॉनवर (फटीत ठोकलेल्या खिळ्यावर), नाहीतर भुसभुशीत बेसॉल्टच्या फटीत बसवलेल्या नटवर (धातूच्या पाचरीवर) पडलात तर? सगळ्यात वरच्या पॉइंटवर फॉलचा ताण दोन्ही बाजूंनी येतो, लीडरच्या आणि बिलेयरच्याही. तिथे थोडा घसरणारा ब्रेक त्या पॉइंटवर दया करतो. कमरेवरून बिले देऊन कडे चढलेले आमचे एक ज्येष्ठ काका म्हणूनच अशा रूटला ट्यूब मागतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. माझा मार्ग मधला आहे: बोल्ट असतील तिथे असिस्टेड, पिटॉनचा भरवसा नसेल तिथे हातमोजे घालून ट्यूब. मात्र वरून दगड सुटण्याची जागा असेल तर हा हिशेब उलटा होतो. बिलेयरलाच दगड लागला तर ट्यूब धरणार कोण? ड्यूक्स नोजसारख्या जागी दर पिचला (चढाईच्या दर टप्प्याला) हे नव्याने ठरवावं लागतं आणि लीडरशी आधी बोलून घ्यावं लागतं.

मल्टिपिचला (अनेक टप्प्यांच्या चढाईत) आणखी एक साधी गोष्ट. या तिन्हींपैकी कोणतंच डिव्हाइस दोन पदरी रोपवर चालत नाही. रॅपलसाठी (रोपवरून स्वतः खाली उतरायला) ट्यूब बरोबर लागतेच, म्हणजे वजन वाढतं. एकातच दोन्ही हवं तर एडेलरिडचं गिगा ज्युल आहे, दोन पदर घेतं, असिस्टेड आणि साधं अशा दोन्ही पद्धतीने चालतं. मित्राचं थोडं वापरलं, चांगलं वाटलं. पण ते 10 मिमीपर्यंतच्याच रोपसाठी आहे, ग्रुपचा जाडा रोप त्याला नको. सेकंडला (मागून येणाऱ्याला) वर घेताना ग्रीग्री थेट अँकरला (कड्यातल्या पक्क्या आधाराला) लावता येतं. फक्त हँडल किंवा कॅम दगडाला टेकत नाही ना हे बघा. टेकलं तर ते लॉक होणार नाही. कड्यावरच्या अरुंद जागेत हे सहज घडू शकतं.

ग्रीग्री प्लसबद्दल विचारलं जातं. हँडल घाबरून जास्त ओढलं तर ते उतरणं थांबवतं, आणि टॉप रोपसाठी वेगळी सेटिंग आहे. शिबिरात नवीन मुलांच्या हातात द्यायला उत्तम. एकट्याला गरज नाही.

धुळीचं सांगते. तैलबैलाहून आल्यावर ग्रीग्री उघडलं तर आत लालसर मातीचा थर आणि कॅम परत येताना आळस करत होता. कोमट पाणी, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं, एवढ्याने पूर्ववत झालं. निऑक्सच्या चाकाभोवतीही माती बसते, तिथे ब्रश नीट फिरवावा लागतो. पायलटला नळाखाली धरलं की संपलं. तिन्हींच्या रोप घासणाऱ्या जागी नख फिरवून बघत जा. धार लागली तर डिव्हाइस बाद. ओल्या आणि चिखल लागलेल्या रोपवर तिन्हींची पकड कमी होते, म्हणून पावसाळी सरावात मी कोणावरच जास्त विसंबत नाही.

सुरू करण्याआधी दर वेळी: रोप उलटा घातलेला नाही ना (ग्रीग्री आणि निऑक्सवर माणसाचं आणि हाताचं चित्र असतं), झटका देऊन लॉक होतंय ना, कॅराबिनर बंद आहे ना, आणि रोपच्या मोकळ्या टोकाला गाठ आहे ना. गाठ नसेल तर उतरवताना टोक डिव्हाइसमधून निसटून जाईल आणि तिथे जगातलं कोणतंही लॉक कामाचं नाही.

मग घ्यायचं काय? पार्टनर ठरलेला, रोप साडेनऊच्या आसपास, जास्त वेळ बोल्टच्या रूटवर आणि भिंतीवर, तर ग्रीग्री घ्या आणि त्याच्यावर लीड बिले कोणाकडून तरी समोर उभं राहून शिका. डावखुरे असाल, किंवा बजेट कमी असेल, तर पायलट. ते ग्रीग्रीपेक्षा बरंच कमी किमतीत येतं. वर्षानुवर्षे ट्यूबवर लीडरना धरलेलं असेल आणि आता कठीण रूटवर पार्टनरला रोप अडकायला नको असेल, तर निऑक्सचे पैसे वसूल होतात. पुढच्या हंगामात बदामीला माझ्या हार्नेसला निऑक्स असेल, तैलबैलाला ग्रीग्री आणि ट्यूब. पायलट त्या डावखुऱ्या मुलीकडे गेलंय, ते आता परत मागणार नाही.