घडीव की ओतीव? क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि नकलचा हिशोब

मोठ्या कार कंपनीचं ड्रॉइंग हातात पडलं की मटेरियलचा ग्रेड त्यावर छापलेलाच असतो. तिथे ठरवायला काही उरत नाही. पण स्वतःचं छोटं इंजिन बनवणारा, जेनसेट काढणारा, तीनचाकी किंवा ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या बाजारात उतरणारा माणूस एका प्रश्नापाशी हमखास अडतो: पार्ट पुण्याकडच्या फोर्जिंगवाल्याकडून घडवून घ्यायचा, की कोल्हापूरला शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ओतून घ्यायचा? पुण्यात विचाराल तर ‘फोर्जिंगला पर्याय नाही’ असं ऐकाल, कोल्हापुरात विचाराल तर ‘कशाला उगाच पैसे घालताय’ असं. दोघंही आपापल्या गावच्या धंद्याच्या बाजूने बोलत असतात. त्या पार्टवर लोड कसा येतो, हे मात्र दोघांनीही विचारलेलं नसतं.

घडीव ते मजबूत आणि ओतीव ते स्वस्त, हे समीकरण आपल्याकडे फार मुरलंय. ते अगदीच खोटं नाही. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत दोन्ही बाजू इतक्या बदलल्या आहेत की पार्ट बदलला की उत्तरही बदलतं.

क्रँकशाफ्ट: खरी चुरस इथेच

क्रँक, म्हणजे पिस्टनची खाली-वर हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा, तुटतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: रॉड जिला जोडतात ती पिन जिथे बाजूच्या वेबला (पाट्याला) मिळते तिथल्या गोलाईला, म्हणजे फिलेटला. तोही एका फटक्यात नाही. तुटलेलं तोंड उन्हात धरून पाहा: एका कोपऱ्यातून निघालेल्या अर्धगोल रेषा पसरत गेलेल्या दिसतात, तेवढा भाग गुळगुळीत असतो, आणि शेवटचा तुकडा खडबडीत. म्हणजे चीर लाखो फेऱ्या हळूहळू सरकत होती, खडबडीत भाग तेवढा शेवटच्या क्षणी तुटला. म्हणून नुसता टेन्साइलचा (ओढून तुटेपर्यंतच्या ताकदीचा) आकडा पाहून क्रँकचं मटेरियल ठरवणं चुकीचं. प्रश्न फटीगचा, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या लोडने थकून तुटण्याचा आहे, आणि तोही त्या एका कोपऱ्यातल्या फटीगचा.

ओतीव क्रँक ही आजकालची काटकसर नव्हे. फोर्डने १९३० च्या दशकातच आपल्या व्ही-८ ला ओतीव क्रँक बसवला होता. पण ओतीव लोखंडाला खरी ताकद मिळाली ती मॅग्नेशियममुळे. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं आणि प्रत्येक पापुद्र्याचं टोक ही चीर सुरू व्हायची आयती जागा. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घातलं आणि ग्राफाइटचे गोळे झाले. १९४८ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. हेच आपलं एसजी (स्फेरॉइडल ग्राफाइट, म्हणजे गोळ्यांच्या ग्राफाइटचं) आयर्न. गोळ्याला टोक नसतं, त्यामुळे चिरेला सहज वाट मिळत नाही.

फोर्जिंगच्या बाजूला बदल उशिरा आला, पण तोही तितकाच मोठा होता. पूर्वी चांगला क्रँक म्हणजे ईएन-१९ पोलादाचा घडवायचा, मग पुन्हा तापवून तेलात बुडवायचा, टेम्पर करायचा, आणि त्यात वाकला की सरळ करायचा. १९७० च्या दशकात जर्मनीत मायक्रोअलॉय पोलाद आलं. त्यातलं किंचित व्हॅनेडियम थंड होतानाच बारीक कण बनवून ताकद देतं, त्यामुळे ३८एमएनव्हीएस६ सारख्या ग्रेडमध्ये हीट ट्रीटमेंटचा अख्खा टप्पाच गळतो. भट्टीचं बिल वाचतं, वाकडेपणा कमी होतो, आणि मुद्दाम ठेवलेल्या गंधकामुळे मशिनिंगला चिप्सही तुटतात.

| | एसजी आयर्न ७००/२ | मायक्रोअलॉय फोर्जिंग ३८एमएनव्हीएस६ |
|---|---|---|
| टेन्साइल | किमान ७०० एमपीए | साधारण ८०० ते ९५० एमपीए |
| इलाँगेशन (तुटण्याआधी किती लांबतं) | २ टक्के | १२ टक्के किंवा जास्त |
| मॉड्युलस (ताठरपणा) | १७० जीपीएच्या आसपास | २०५ ते २१० जीपीए |
| घनता, ग्रॅम प्रति घन सेंमी | ७.१ | ७.८५ |
| टूलिंग | पॅटर्न आणि कोअर बॉक्स, आवाक्यात | डाय सेट, बराच महाग |
| छोटा लॉट | जमतो | क्वचितच परवडतो |

टेबलात सगळेजण पहिली ओळ वाचतात. मी तिसरी वाचायला सांगेन. एसजी क्रँक ताकदीत कमी पडला तर ग्रेड वाढवता येतो, फिलेट रोलिंग करता येतं; पण मॉड्युलस कशानेही वाढत नाही. त्याच मापाचा ओतीव क्रँक जास्त लवतो. मग जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) जाड करावं लागतं, जाड जर्नल म्हणजे जास्त घर्षण, आणि ब्लॉकची मापं आधीच गोठलेली असतील तर तोही मार्ग बंद. चालू इंजिनात घडीव काढून ओतीव क्रँक घालायचा बेत असेल, तर आधी हे पाहा.

फिलेट रोलिंगबद्दल दोन शब्द, कारण स्वस्तात एवढा फायदा देणारी दुसरी प्रक्रिया या पार्टला नाही. टणक रोलर फिलेटमध्ये जोराने दाबून क्रँक फिरवायचा. वरचा थर दाबला जातो आणि दाबलेलाच राहतो, त्यामुळे चीर उघडायलाच त्रास होतो. एसजी आयर्नला याचा लाभ चांगलाच होतो. ओतीव क्रँकचं कोटेशन घेताना फिलेट रोलिंग त्यात धरलंय की नाही, हे स्पष्ट लिहून घ्या. नसेल धरलं तर तुम्ही दोन पर्यायांची तुलनाच करत नाही आहात.

वजनात ओतीव क्रँक साधारण नऊ-दहा टक्के हलका भरतो, आणि कोअर घालून पिना पोकळ ओतल्या तर आणखी. काउंटरवेटही जवळपास हव्या त्या आकारात मिळतात, त्यामुळे मशिनिंगला कमी माल काढावा लागतो. ओतीव लोखंड कंपन शोषतं हा मुद्दाही सांगितला जातो. तो खरा आहे, पण विक्रेते तो जरा जास्तच ताणतात.

माझा कौल असा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, एका-दोन सिलिंडरचं कमी फेऱ्यांचं डिझेल, पंपसेट, छोटा जेनसेट: एसजी, फिलेट रोल करून. टर्बो डिझेल, ट्रक, बांधकामाच्या मशिनरीचं इंजिन: फोर्जिंग, आणि त्यात घासाघीस नको. मधल्या पट्ट्यात, म्हणजे छोट्या टर्बो पेट्रोलमध्ये, लॉट मोठा असेल तर मी फोर्जिंगकडे झुकेन. सिलिंडरमधला दाब पुढे वाढवायची वेळ येतेच, आणि तेव्हा हाताशी काही शिल्लक लागते.

कागदावर न दिसणारा फरक

दोन्हीकडे चांगला आणि वाईट माल बाहेरून सारखाच दिसतो. फौंड्रीतली खरी जोखीम घड्याळाची आहे. मॅग्नेशियम सुमारे १,०९० अंशांना उकळतं आणि लोखंड असतं १,४०० च्या वर, त्यामुळे ते टाकताच उसळतं आणि उरलेलंही सतत उडत राहतं. ट्रीटमेंटनंतर दहा-पंधरा मिनिटांत लॅडल (ओतायचं भांडं) रिकामं झालं नाही, तर शेवटच्या साच्यांत गोळे बिघडू लागतात. साचा तयार नाही, क्रेन अडकली, ओतणारा कोणाशी तरी बोलत उभा राहिला, की त्या लॅडलचे शेवटचे क्रँक संशयास्पद. म्हणून रिपोर्ट मागताना नुसती नॉड्युलॅरिटी (किती ग्राफाइट नीट गोळ्यांत आहे ते) विचारू नका. प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या साच्याच्या वेळच्या नमुन्याची विचारा. चांगला फौंड्रीवाला हा प्रश्न ऐकून खूश होतो. जुने लोक टांगलेल्या कास्टिंगला हातोडीने ठोकून आवाज ऐकतात: एसजी खणखणतं, गोळे बिघडलेले असले की आवाज बद्द येतो. ही पद्धत भोळी वाटेल, पण तिच्यामागचं तत्त्व पक्कं आहे आणि मशिनवर तीच सॉनिक टेस्ट होते.

मायक्रोअलॉय फोर्जिंगमध्ये घोटाळा प्रेसच्या पुढे होतो. १,२०० अंशांच्या वर तापलेला बिलेट (पोलादाचा ठोकळा) डायमधून बाहेर आला, ट्रिम झाला, आणि मग? तो कन्व्हेयरवर सुटा, ठरलेल्या वेगाने थंड व्हायला हवा. शॉपमध्ये गेलात आणि लालभडक पार्ट एकावर एक बिनमध्ये पडताना दिसले, तर ढिगाच्या मधले हळू थंड होणार आणि कडेचे लवकर. एकाच बॅचमध्ये हार्डनेस वरखाली. हीट ट्रीटमेंट वाचवल्याचे पैसे इथेच जातात. मुंढव्याला भारत फोर्जसारखी १६,००० टनांची प्रेस लाइन आहे म्हणून प्रत्येक फोर्जिंगवाल्याकडे तेवढी शिस्त असेल असं धरू नका.

कनेक्टिंग रॉड

इथे चुरस नाही. जनरल मोटर्सने एके काळी आर्मास्टील या ओतीव मॅलिएबल आयर्नचे रॉड वापरले होते, पण आज मी तो पर्याय टेबलावरसुद्धा ठेवणार नाही. पिस्टनला वरून खाली खेचण्याचं काम रॉडचं, आणि ती ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रॉड घडीवच घ्या.

ठरवायचं आहे ते वेगळंच: क्रँकवर बसणारं मोठं तोंड करवतीने कापून मशिन करायचं, की फोडायचं? फोडलेला रॉड १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ इंजिनात आला आणि मग सगळीकडे पसरला. सी७०एस६ हे त्यासाठीचं पोलाद. लेसरने आत बारीक खाच मारायची आणि आतून झटका देऊन कॅप तोडून वेगळी करायची. तुटलेली दोन तोंडं इतकी बेमालूम बसतात की डॉवेल (जुळवणीची खिळी) लागत नाही, तोंडं घासावी लागत नाहीत. नखाने चाचपलं तरी सांधा जेमतेम लागतो.

लॉट मोठा असेल तर फोडलेलाच घ्या. छोट्या लॉटला लेसर आणि फोडण्याचं मशिन परवडत नाही, तिथे जुनीच पद्धत बरी. आणि माल गावोगावच्या गॅरेजमध्ये जाणार असेल, तर आणखी एका गोष्टीचा विचार करा. बेअरिंग ढिलं वाटलं की कॅपचं तोंड कानशीने घासून घट्ट करायची सवय अनेक मिस्त्रींच्या हातात आहे. फोडलेल्या रॉडवर ती कानस एकदा फिरली की रॉड गेला. कॅपांची अदलाबदल झाली तरी तेच. कॅप आणि रॉडवर सारखा नंबर ठळक कोरून घ्या, आणि डब्यावर मराठी-हिंदीत ‘कॅप घासू नये’ असं छापा.

स्टिअरिंग नकल

नकल म्हणजे चाक आणि स्टिअरिंग जोडणारा पार्ट. त्यात घडीव-ओतीव हा वाद कारपुरता मिटलाय: ४००/१५ किंवा ४५०/१० सारखं मऊ एसजी आयर्न जिंकलं. खड्ड्यात चाक आपटलं तर नकल वाकावा, तुटू नये, हा इथला पहिला नियम, आणि दहा-पंधरा टक्के इलाँगेशन असलेलं एसजी तो पाळतं. क्रँकचं ७००/२ इथे लावायचा मोह धोकादायक आहे. जड ट्रकला मात्र घडीव पोलादच.

नवा स्पर्धक आहे ॲल्युमिनियम. घनता २.७, त्यामुळे नकल बराच हलका होतो, आणि चाकाजवळचं, स्प्रिंगखालचं वजन कमी झालं की गाडी खड्ड्यांवरून चांगली चालते. पण मॉड्युलस फक्त ७० जीपीए, म्हणून भिंती जाड कराव्या लागतात. कमी दाबाच्या डाय कास्टिंगचं टूलिंग, हीट ट्रीटमेंट, पार्टागणिक एक्स-रे हे सगळं खर्चात धरावं लागतं. कोकणासारख्या खाऱ्या दमट हवेत पोलादी बेअरिंग आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथला गंज हा वेगळा विषय. गाडी महाग असेल किंवा इलेक्ट्रिक असेल तर ॲल्युमिनियम. स्वस्त तीनचाकी-चारचाकीला एसजी पुरेसं आहे.

मधला एक मार्ग आहे, एडीआय (ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्न). एसजी कास्टिंग तापवून २५० ते ४०० अंशांच्या मिठाच्या बाथमध्ये धरून ठेवायचं. ताकद ८५० एमपीएच्या पुढे जाते आणि पार्ट बारीक करता येतो. अडचण अशी की त्यानंतर मशिनिंग कठीण जातं आणि मापही थोडं वाढतं, त्यामुळे आधीच मशिन करून वाढीची जागा सोडावी लागते. ज्याने हे आधी करून माल खपवलाय अशाच फौंड्रीबरोबर यात पडा.

नवी लाइन टाकणाऱ्यांसाठी

पार्ट विकत घेणाऱ्याचा प्रश्न वर संपला. कर्ज काढून मशिनिंग लाइन टाकणाऱ्याचा मात्र वेगळा आहे. इलेक्ट्रिक गाडीला क्रँकही नाही आणि कनेक्टिंग रॉडही नाही; नकल, हब आणि कंट्रोल आर्म मात्र आहेत. ट्रॅक्टर, ट्रक आणि जेनसेटचं डिझेल बराच काळ चालेल, म्हणून जड इंजिनाच्या क्रँकला गिऱ्हाईक राहील. पण केवळ तीनचाकीच्या किंवा छोट्या पेट्रोल कारच्या क्रँकसाठी खास मशिन घेऊन सात वर्षांचे हप्ते बांधून घेणं मला पटत नाही. घ्यायचंच असेल तर फिक्स्चर बदलून नकल आणि हब दोन्ही काढता येतील असं मशिनिंग सेंटर घ्या, आणि पहिली ऑर्डर एसजी नकलची असली तरी स्पिंडल ॲल्युमिनियमच्या वेगाला पुरेल एवढा निवडा.