क्रूझवर पहिल्यांदा गळ टाकायचा तर केचिकान की कोझुमेल?

क्रूझ जहाजाच्या डेकवरून गळ टाकू देत नाहीत. त्यामुळे अशा सुट्टीत मासे गरवायचे म्हणजे बंदरावर उतरून चार-पाच तासांसाठी छोटी नौका घ्यावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे याचे दोन पर्याय सहज येतात. पहिला म्हणजे सिएटलहून निघणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ आणि तिच्या वाटेवरचे केचिकान. दुसरा म्हणजे टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनहून निघणारी चार-पाच रात्रींची क्रूझ आणि मेक्सिकोचे कोझुमेल बेट.

नवख्या माणसाने आधी पाण्याचा विचार करावा. अलास्का म्हटल्यावर खवळलेला, बर्फाळ समुद्र डोळ्यांसमोर येतो, पण केचिकान बेटांच्या आडोशात वसलेले असल्याने तेथील खाड्यांमधून नौका बहुधा संथ चालते आणि बोट लागण्याचा त्रास कमी होतो. पाऊस मात्र गृहीतच धरावा. तेथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ऐन उन्हाळ्यातही रेनकोटवाचून चालत नाही. कोझुमेलला ऊन आणि निळेशार पाणी मिळते, परंतु बेट आणि मुख्य भूमी यांमधील सामुद्रधुनीत प्रवाह जोरकस असतो, आणि हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले की छोट्या नौकांसाठी बंदर बंद केले जाते. ज्यांना मांडवा किंवा एलिफंटाच्या लाँचमध्येही मळमळते, त्यांनी ही बाब हलकी समजू नये.

प्रत्यक्ष गरवण्याची रीतही दोन्हीकडे वेगळी आहे. केचिकानला साल्मनसाठी नौका अगदी हळू चालवत ठेवतात आणि तारेला बांधलेल्या जड गोळ्याच्या साहाय्याने आमिष ठरावीक खोलीवर धरतात. दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवलेली असल्याने काठी आधीपासूनच वाकलेली असते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि काठी एकदम सरळ होते. काठी खाली खेचली जाण्याची वाट पाहणाऱ्या नवशिक्याचे नेमके याच क्षणी दुर्लक्ष होते. त्यानंतर मासा पळू लागला तर रीळाची मूठ घट्ट धरून ठेवू नये, दोरी जाऊ द्यावी आणि तो थांबला की गुंडाळावी. हॅलिबट हा तळाचा चपटा मासा; त्यासाठी गोल वळणाचा गळ वापरतात आणि मासा लागल्यावर हिसका द्यायचा नसतो, नुसते गुंडाळत राहायचे असते. खोल तळातून जड शिसे आणि मासा वर आणताना दंड भरून येतात, त्यामुळे लहान मुलांना हॅलिबटपेक्षा साल्मन बरा.

कोझुमेलला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र शेकडो मीटर खोल होतो, म्हणून नौका सुटल्यावर लगेच गळ पाण्यात पडतो. तेथे मोठ्या माशांमागे जाणारी सफर आकर्षक वाटते. माझ्या मते मात्र पहिल्या वेळी ती टाळावी, कारण काठ्या खलाशीच लावतात, आमिषही तेच ओढतात, आणि पाहुणा बराच वेळ नुसता बसून राहतो. त्याऐवजी तळाच्या माशांची सफर मागावी. आमिषाचा तुकडा आणि छोटे शिसे खाली सोडले की तांबोशीच्या कुळातले स्नॅपर वा तत्सम छोटे मासे लवकर टोचू लागतात आणि मुलांचा उत्साह टिकतो. बेटाच्या नैऋत्येकडील प्रवाळ १९९६ पासून राष्ट्रीय उद्यानात मोडतात आणि तेथे मासेमारीवर निर्बंध आहेत. नौका कोणत्या भागात जाणार, हे आधीच विचारून घ्यावे.

मिळालेल्या माशाचे काय करायचे, हा प्रश्न मराठी घरात तरी दुय्यम नसतो. कच्चा मासा सहसा जहाजावर आणू देत नाहीत. केचिकानमध्ये मासा साफ करून, हवाबंद पाकिटात गोठवून घरी पाठवण्याची सोय आहे. तिचा खर्च सफरीच्या खर्चाइतकाच जिवावर येऊ शकतो, तरी ताज्या साल्मनच्या तुकड्या महिनाभर पुरतात. कोझुमेलला किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात तो तळून किंवा लिंबाच्या रसात मुरवून लगेच खाता येतो. मात्र कॅरिबियनमधील बॅराकुडा आणि मोठे प्रवाळी मासे खाऊ नयेत, कारण त्यांत साठणारे सिग्वाटेरा विष शिजवल्यानेही जात नाही.

केचिकानला सोळा वा त्याहून अधिक वयाच्या पाहुण्याला मासेमारीचा परवाना लागतो. तो एका दिवसासाठीही मिळतो आणि किंग जातीच्या साल्मनसाठी वेगळा शिक्का, म्हणजे जादा परवानगी, घ्यावी लागते. चार्टर (भाड्याच्या) नौकेवर हॅलिबट दरडोई दिवसाला एकच ठेवता येतो, त्यातही लांबीचे बंधन असते आणि हे नियम वर्षागणिक बदलतात. मेक्सिकोत नौकेवरून मासेमारीला परवाना लागतो, किनाऱ्यावरून लागत नाही; सफरीच्या पैशांत तो धरला आहे का, हे विचारावे.

भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांसाठी याहून मोठा अडथळा व्हिसाचा आहे. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना सिएटलच्या फेरीत कॅनडातील बंदर, बहुधा व्हिक्टोरिया, घ्यावे लागते आणि ग्रीन कार्ड नसल्यास कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्याला मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही.

सफर जहाजाच्या कंपनीकडून घ्यावी की बाहेरून? कंपनीची सफर महाग पडते, पण उशीर झाल्यास जहाज थांबते; बाहेरून घेतल्यास थांबत नाही. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्याने २०१५ मध्ये आपली वेळ बदलली, त्यामुळे हिवाळ्यात तेथील घड्याळ गॅल्व्हेस्टनच्या तासभर पुढे असते. परतीची वेळ ठरवताना जहाजाचेच घड्याळ प्रमाण मानावे.

मुले लहान असतील, खर्च मर्यादित असेल आणि मासेमारी हा सुट्टीतला एक विरंगुळा असेल, तर कोझुमेलची तळाची सफर घ्यावी. मासा लागण्याचा थरार हाच प्रवासाचा हेतू असेल आणि व्हिसा हाती असेल, तर खर्च सोसूनही केचिकान निवडावे, तेही ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा पिंक आणि कोहो हे दोन्ही साल्मन मिळण्याची शक्यता चांगली असते.