घडीची बाप्तिस्म्याची टाकी: प्रौढांसाठी घ्या, बाळासाठी नको

अ‍ॅल्युमिनियमची चौकट, आत पीव्हीसीचं जाड अस्तर, चढायला पायऱ्या, तळाशी पाणी सोडायचा व्हॉल्व्ह. अशी घडीची टाकी आता अनेक ख्रिस्ती मंडळ्या घेतात. काही मॉडेलांसोबत काठावर अडकवायचं एक मोठं वाडगंही येतं, म्हणजे तान्ह्या बाळांचं कामही भागेल असं विकणारे सांगतात. प्रौढ बाप्तिस्म्यासाठी टाकी खरोखर चांगली आहे. वाडग्याचे पैसे मात्र वाया जातात.

त्याआधी एक गोष्ट. बाप्तिस्मा कधी द्यावा आणि कसा द्यावा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि टाकी फक्त दुसऱ्याचं उत्तर देते. ऑर्थोडॉक्स चर्च तान्ह्या बाळालाही तीनदा पाण्यात बुडवतं. उलट 21 जानेवारी 1525 रोजी झुरिकमध्ये प्रौढ बाप्तिस्म्याची चळवळ सुरू झाली, ती डोक्यावर पाणी ओतूनच. दिदाखे या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथात वाहतं पाणी उत्तम म्हटलंय, पण पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायची मुभाही दिली आहे. तेव्हा ‘आम्ही प्रौढांनाच बाप्तिस्मा देतो, म्हणून टाकी हवीच’ हा हिशेब बरोबर नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं डोळ्यांना दिसावं, असं मंडळीला वाटत असेल तर जरूर घ्यावी. कारण तेवढं पुरेसं आहे.

आता माप. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि पाणी 90 सेंटिमीटर, म्हणजे 1800 लिटर. लांबीत कंजुषी करू नये. दीड मीटरच्या टाकीत उंच माणूस मागे झुकला की डोकं काठावर आपटतं. बाप्तिस्मा घेणाऱ्याने एका हाताने नाक धरावं, दुसऱ्याने तेच मनगट. पाळकांचा एक हात त्या हातांवर, दुसरा पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. घेणाऱ्याने गुडघे वाकवले की वजन पाणी उचलतं. पाय ताठ राहिले तर पाय वर येतात, डोकं कोरडं राहतं आणि पाळकांची कंबर धरते. गुडघे दुखणाऱ्यांना टाकीत स्टुलावर बसवून पुढे वाकवलं तरी चालतं.

वजनाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. 90 सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 900 किलो. सभागृहांच्या वरच्या मजल्याची जमीन साधारण 400 ते 500 किलोच्या हिशेबाने बांधतात. वेदी लाकडी मंचावर असेल तर टाकी तिथे ठेवूच नये. तळमजला, पक्की फरशी, आणि तरीही इंजिनिअरला विचारून.

पाणी 20 अंशांवरून 32 वर न्यायला सुमारे 25 युनिट वीज लागते. 3 किलोवॉटच्या हीटरला साडेआठ तास, वर झाकण नसेल तर आणखी. म्हणजे आदल्या रात्रीच सुरुवात. कोणीही पाण्यात उतरण्याआधी हीटर फक्त बंद करून भागत नाही, प्लग काढून वायर दूर न्यावी. वायरचा मायक्रोफोन हाताच्या अंतरात नको. 2005 साली अमेरिकेतल्या वेको शहरात पाण्यात उभ्या असलेल्या एका पाळकांनी मायक्रोफोनला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने त्यांचा मृत्यू झाला. इथे तडजोड नाही.

बाळासाठीचं वाडगं काठावर अडकवलं की छातीच्या उंचीवर येतं. चार-पाच किलोचं बाळ एका हातावर, दुसऱ्या हाताने पाणी, आणि काठ हलका डुगडुगतो. याहून मोठी अडचण वेगळी. बालबाप्तिस्म्यात विश्वास कबूल करतात ते आईवडील आणि धर्ममातापिता. त्यांना पायऱ्यांमुळे बाळाजवळ उभंच राहता येत नाही. कंबरेइतक्या उंचीचं, जड बुडाचं स्वतंत्र पात्र हवं. पाणी कोमट असावं, आणि ते कपाळावरून नीट वाहिलं पाहिजे. ओल्या बोटाने केस भिजवून भागवू नये.

बाळांचा बाप्तिस्मा मानणारे लुदियेच्या आणि बंदिशाळेच्या अधिकाऱ्याच्या सगळ्या घराण्याला मिळालेल्या बाप्तिस्म्याकडे (प्रेषितांची कृत्ये, 16) बोट दाखवतात. दुसरी बाजू म्हणते, त्या घरांत बाळ होतं असं कुठे लिहिलंय? तर्तुल्यान या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने इ.स. 200 च्या सुमारास मुलांसाठी थांबायचा सल्ला दिला, म्हणजे तेव्हा मुलांना बाप्तिस्मा दिला जात होता हे नक्की. आमच्या मते दोन्ही प्रथा सच्चेपणाने चालवता येतात. पण बालबाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळीत टाकी आली की लहानपणी बाप्तिस्मा झालेली तरुण मुलं ‘मलाही बुडवून हवा’ म्हणतात. चर्चेसच्या जागतिक परिषदेच्या 1982 च्या लिमा दस्तऐवजाने बाप्तिस्म्याला पुन्हा न देण्याचा विधी म्हटलंय. अशा मुलांसाठी दृढीकरण (मोठेपणी आपला विश्वास पक्का करण्याचा विधी) आहे, जाहीर साक्ष आहे. उत्तर टाकी मागवण्याआधीच ठरवून ठेवावं. ज्या मंडळ्या बालबाप्तिस्मा मुळात बाप्तिस्माच मानत नाहीत, त्यांच्यापुढे हा पेच नाही.

विधी झाला की त्याच दिवशी पाणी सोडावं; कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढतात. मिनिटाला 100 लिटरचा पंप असेल तर वीस मिनिटांत काम होतं. पाणी कुठे जाणार, हे भरण्याआधी पाहावं. अस्तर पूर्ण वाळवूनच घडी घालावी. ओलं गुंडाळलं तर बुरशी धरते.