बी६५० मदरबोर्ड : भुसावळच्या उन्हाळ्यासह नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये घरीच डेस्कटॉप जोडायला घेतला, तेव्हा एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर एका दिवसात ठरला. मदरबोर्ड ठरवण्यात मात्र तीन आठवडे गेले. दुकानदार ए६२० चिपसेटचा (बोर्डावरच्या सोयी ठरवणाऱ्या मुख्य चिपचा) स्वस्त बोर्ड सुचवत होते आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो, हे त्यांचे म्हणणे कागदावर बरोबरही होते. पण त्या बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरचा व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागावर, हीटसिंकच (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नव्हते. एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागतील तितके खाली आणताना हाच भाग तापतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कॅबिनेटमध्ये शिरणारी हवाच ४० अंशांची असते. म्हणून मी जाड हीटसिंक असलेला बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड घेतला. व्हिडिओ एक्सपोर्टचे तासभराचे काम चालू असताना जानेवारीत व्हीआरएमचे तापमान ५६ अंश दिसत होते, तर मे महिन्यात तेच ७५ अंशांवर गेले. तरीही संगणक एकदाही मंदावला नाही की बंद पडला नाही. त्यासाठी मोजलेले जादा पैसे मला पूर्णपणे योग्य वाटतात. डेझर्ट कूलरचा ओलसर, धुळीचा झोत मात्र मी कॅबिनेटवर कधीही येऊ देत नाही.

पहिल्यांदा संगणक चालू केला तेव्हा पडदा काही मिनिटे काळाच राहिला. बोर्ड निकामी निघाला असे समजून मी दोनदा वीज बंद केली. प्रत्यक्षात डीडीआर५ रॅमचे पहिले ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने रॅम तपासून तिच्याशी जुळवून घेणे, चालू होते आणि मी ते अर्ध्यावर तोडत होतो; तिसऱ्या वेळी थांबून राहिलो आणि सारे सुरळीत झाले. रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. चारही खाचा भरल्यास या प्रोसेसरसाठी एएमडीने दिलेला वेग ५२०० वरून ३६०० एमटी/सेकंदवर येतो, त्यामुळे पुढे दोन पट्ट्या वाढवू या हिशेबाने कमी रॅम घेऊ नये.

बायोस (संगणक सुरू करणारे बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचे बटण मात्र अवश्य पाहून घ्यावे. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि बायोस अद्ययावत करताना ती गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती असते. हे बटण असले की पेन ड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरता येते. मी यूपीएसवरच अद्ययावत केले, त्यामुळे ती वेळ आली नाही. पहिल्या आठवड्यात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. त्यात दोष बोर्डाचा नव्हता, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. वायरमनने ती जोडताच त्रास थांबला.

तक्रार एकच आहे. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी बोर्डावर दोनच हेडर (तारा जोडायच्या पिना) आहेत, त्यामुळे एप्रिलमध्ये तिसरा पंखा लावताना मला वेगळी स्प्लिटर केबल आणावी लागली.